पहाऱ्यावरची शांती

‘शांती’ या शब्दाच्या पोटात ‘शम्’ हा धातू आहे. वादळ शमतं, भूक शमते, भांडण शमतं. आधी काहीतरी थांबायला हवं, मग शांती. ख्रिस्ती उपासनेत हा शब्द सतत येतो, पण त्याच्यामागे उभा असलेला हिब्रू ‘शालोम’ वेगळ्या घरातला. श-ल-म या मुळाचा अर्थ पुरं असणं, अखंड असणं. वेदीसाठी लागणारे, हत्यार न लागलेले सबंध दगड याच मुळातल्या शब्दाने सांगितले आहेत. आजच्या हिब्रूत पैसे चुकते करण्याचं क्रियापदही इथलंच.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात रणांगणावरून आलेल्या उरीयाला दावीद राजा सेनापती यवाबाचा शालोम विचारतो, सैन्याचा विचारतो आणि मग लढाईचाही शालोम विचारतो. लढाईची शांती! मराठीत हे उभंच राहत नाही. ‘क्षेम’ घातलं की राहतं. शालोमला आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द मला तरी क्षेमच वाटतो.

ग्रीक ‘एइरेने’ हा मुळात युद्ध नसलेल्या काळाचा शब्द. हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनी तो शालोमसाठी योजला आणि नव्या करारात तोच रुळला. पण मार्काच्या शुभवर्तमानात गालील सरोवरावरचं वादळ थांबतं तिथे एइरेने नाही. तिथे ‘गालेने’ आहे, पाण्याचा निश्चलपणा. मराठी बायबलातला ‘निवांत’ इथे किती नेमका बसलाय: निवात, म्हणजे जिथे वारा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना देतो ती मात्र एइरेने. ती रात्र अटकेची होती. काहीच शमलं नव्हतं.

फिलिप्पैकरांस पत्रात पौल या शांतीला क्रियापद जोडतो ते शिपायांच्या भाषेतलं, ‘फ्रुरेओ’: पहारा देणं, शिबंदी बसवणं. दिमिष्कात अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पौलाला धरण्यासाठी शहरावर पहारा बसवला होता, आणि त्याला टोपलीत घालून तटाच्या खिडकीतून खाली सोडावं लागलं. करिंथकरांना ही हकिगत सांगताना पौलाने वापरलेलं क्रियापदही हेच. ज्या शब्दाने त्याला घेरलं, तोच त्याने मनाच्या राखणीला लावला. शत्रू निघून गेला की शिबंदी उठते. पहारा आहे याचा अर्थ धोका अजून दाराशी आहे.

फिलिप्पैकरांस पत्रात मराठीत आपण या क्रियापदाच्या जागी ‘राखील’ वाचतो. पुढच्या वेळी वाचाल तेव्हा त्या शब्दाच्या हातात भाला बघा. ते पत्र लिहिताना पौल स्वतः बेड्यांत होता.