सांग्रिया, पंच आणि हुर्राक

मे महिन्याच्या दुपारी पणजीत घामाघूम होऊन एखाद्या रेस्टॉरंटात शिरावे, तर मेनूकार्डावर हल्ली सांग्रिया भेटतेच. परवा मी गेलो तिथे तिच्यापुढे 'आपला पोर्तुगीज वारसा' असेही छापले होते. मागवली. गोडमिट्ट पोर्ट वाइन, डब्यातल्या फळांचे तुकडे आणि मूठभर बर्फ! वारशाच्या नावावर माणूस काय काय गिळतो, बघा.

सांग्रिया मूळची स्पेन-पोर्तुगालची. शब्दाच्या मुळाशी 'रक्त' आहे, रंगावरून. आजाऱ्याचे रक्त काढण्याच्या जुन्या उपचारालाही पोर्तुगीजमध्ये हाच शब्द. (बिल हातात पडले तेव्हा हा दुसरा अर्थ मला नीट कळला.) साधी तांबडी वाइन, संत्रे, लिंबू, थोडी साखर, एवढाच तिचा संसार. मात्र फळे वाइनमध्ये काही तास मुरायला हवीत. सोडा आणि बर्फ अगदी शेवटी. ही घाई न करणारी जागा शहरात सापडली तर जरूर बसा. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यातून ती अमेरिकेत गाजली. आता युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे तिथे नुसत्या 'सांग्रिया' नावाने विकायची तर ती स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच बनलेली लागते. त्यांनी आपले नाव जपले.

आणि आपण? जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर सतराव्या शतकात या किनाऱ्यावर हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. नेरूलची अराक सर्वांत उत्तम, असे तो सांगतो. तिचेच इथले इंग्रज 'पंच' करीत. पाच जिनसा म्हणून पंच, असा त्याचा खुलासा. पुढे हे पंच इंग्लंडात घरोघर पोचले. सांग्रिया पंचाची लेक आहे असा दावा मी करणार नाही, वाइनमध्ये मसाले घालण्याची युरोपातली रीत फार जुनी आहे. पण मद्यात लिंबू-साखर घालायला कुणी आम्हाला शिकवायची गरज नव्हती, एवढे खरे.

पोर्तुगीज वारसाच हवा, तर तो काजूत आहे. ब्राझीलचे हे झाड त्यांनी सोळाव्या शतकात आणले, पण बोंडूंचा रस आंबवून भट्टीवर चढवला तो आमच्या माणसांनी. पहिल्या खेपेला उतरते ती हुर्राक. पुन्हा गाळली की फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मात्र हंगामाची पाहुणी, मार्च ते मे. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वर लिंबाचा सोडा. उन्हाळ्यावर याहून नेमका उतारा मला ठाऊक नाही.

त्याच रेस्टॉरंटात मी वेटरला हुर्राक विचारली. तो ओशाळून म्हणाला, "सर, ती इथं नाही ठेवत. मागच्या गल्लीत तावेर्नात बघा."

गेलो. बाकावर जागा होती, आणि बाटलीत शेवटचे दोन पेग.