वाढाव्याची रक्कम

१४. वाढाव्याची रक्कम : थकबाकीपोटी जप्त केलेल्या जमिनीच्या लिलावात सरकारी येणे वसूल होऊन वर उरलेला पैसा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २१४ नुसार आलेल्या रकमेतून आधी लिलावाचा खर्च, मग विक्री कायम होईपर्यंतची थकबाकी वळती करतात. उरेल ते ज्याची जमीन गेली त्याचे. कलम २१५ प्रमाणे कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते धनकोला देता येत नाही, म्हणूनच मूळ मजकुरातल्या सावकाराचा अर्ज तहसिलीतून परत येतो. त्या मजकुरातले गाव वाशीम तालुक्यातले असूनही तिथल्या नोटिशीवर शिक्का अकोला जिल्ह्याचा आहे, कारण नोटीस आधीची आणि वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. — संपादक