घाटावरचा मका

रामाकोना कन्हानच्या खोऱ्यात वसले आहे. सौंसरचा हा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरच्या मैदानाला लागून असल्याने येथे कापूस, ज्वारी, तूर आणि संत्री. घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर गेले, की मक्याचे राज्य सुरू होते. भोसल्यांच्या अमलात दोन्ही प्रदेश एकत्र होते. १९५६ च्या पुनर्रचनेत दोन्ही मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. ताटातली सीमा मात्र या साऱ्या रेषांहून निराळी. खाली ज्वारीची भाकरी, वर मक्याची पेज. ही पेज गोंड आणि पाताळकोटातील भारिया यांचे अन्न, म्हणून आपल्याकडील जुन्या घरांनी मक्याला पावसाळ्यातल्या भाजलेल्या कणसापलीकडे फारसा मान दिला नाही. हा आपला करंटेपणाच म्हणावा लागेल.

मका मुळात मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथल्या रानगवतापासून तो घडला आणि कोलंबसानंतर जगभर पसरला. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील शिल्पांच्या हातातील वस्तू मक्याची कणसेच आहेत, असा दावा काहींनी केला होता. तो बहुतेक अभ्यासकांना मान्य झाला नाही. भारतात तो पोर्तुगीजांच्या काळात आला, हेच मत अधिक सयुक्तिक वाटते.

दाण्याच्या घडणीवरून मक्याचे प्रकार पाडण्याची पद्धत स्टर्टेव्हंट या अमेरिकन अभ्यासकाने १८९९ साली रूढ केली. 'फ्लिंट' मक्याचा दाणा कठीण व चकाकणारा असतो. 'डेंट' दाण्याला वाळताना डोक्यावर खळी पडते. लाहीच्या मक्याचे टरफल इतके घट्ट, की आतल्या ओलाव्याची वाफ कोंडते आणि शेवटी दाणा फुटतो. मधुर मक्यात साखरेचे पिठात होणारे रूपांतर मंदावलेले असते; म्हणून तो हिरवाच खावा. मऊ पिठाच्या मक्याचे दळण सोपे होते. मेक्सिकोत मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून दळतात. ती रीत न घेता केवळ मक्यावर जगणाऱ्या इटलीतील गरिबांना पेलाग्रा झाला, कारण चुन्याच्या संस्कारावाचून त्यातले नायसिन शरीराला लाभत नाही.

मक्याचे खरे वैशिष्ट्य मात्र परागात आहे. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि शेजारच्या शेतातील कणसाच्या केसांवर पडतो. आपण पांढरा मका पेरला आणि शेजाऱ्याने पिवळा, तर त्याच हंगामात आपल्या पांढऱ्या कणसात पिवळे दाणे उमटतात. गहू, ज्वारीचे बियाणे घरी राखणे त्या मानाने सोपे. मक्याचे शुद्ध बियाणे राखायचे, तर दोन शेतांत शेकडो मीटरांचे अंतर लागते, किंवा साऱ्या गावाचे एकमत तरी लागते.

१९६१ साली 'गंगा', 'रणजित', 'दख्खन' ही पहिली संकरित वाणे देशात आली. छिंदवाड्याच्या संशोधन केंद्राने पुढे 'जवाहर' मालिकेतील वाणे दिली. संकरिताचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि बाजाराला कोंबड्यांच्या खाद्यासाठी, स्टार्चसाठी व आता इथेनॉलसाठी पिवळा मकाच हवा असतो. उत्पन्न वाढले, हे नाकारून चालणार नाही. पण पेजेसाठी घाटावर कोणी एखाद्या बांधाआड पांढरा मका राखत असेल, तर त्याच्या कणसातले पिवळे दाणे वर्षागणिक वाढत जातात. आणि बियाण्यासाठी ते एकेक निवडून काढण्याचे काम बहुधा घरातल्या म्हाताऱ्या बाईकडेच असते.