परचक्राखालील लंडन : 'द डॅलेक इन्व्हेजन ऑफ अर्थ' (१९६४) या दूरचित्रवाणी कथेचा ऐतिहासिक पुनर्विचार

प्रस्तावना :
इतिहासाची साधने म्हटली की बखरी, दफ्तरे, शिलालेख व नाणी आपल्यासमोर येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा अभ्यास करताना मात्र दूरचित्रवाणीसारख्या लोकप्रिय माध्यमाकडे दुर्लक्ष करता येत नाही. केवळ मनोरंजनासाठी रचलेल्या कथेतही त्या समाजाची भीती, अभिमान व विस्मरण यांची नोंद नकळत होत असते. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतील 'द डॅलेक इन्व्हेजन ऑफ अर्थ' या कथेचा प्रस्तुत निबंधात या दृष्टीने पुनर्विचार केला आहे. खलनायकाच्या पुनरागमनाची ही कथा ब्रिटनवरून १९४० मध्ये टळलेले परचक्र पडद्यावर साकार करते. स्वतःच्या साम्राज्याची आठवण मात्र एका विनोदापुरती ठेवते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

उद्दिष्टे :
१) खलनायकाच्या पुनरागमनाने कथेच्या आशयात झालेला बदल तपासणे.
२) दुसऱ्या महायुद्धाच्या स्मृतीशी या कथेचे असलेले नाते स्पष्ट करणे.
३) कथेतील १८५७ च्या उल्लेखाचा अन्वयार्थ लावणे.

अभ्याससाधने :
ही कथा २१ नोव्हेंबर ते २६ डिसेंबर १९६४ या काळात सहा भागांत प्रसारित झाली. लेखक टेरी नेशन, दिग्दर्शक रिचर्ड मार्टिन व निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट होत. बीबीसीने त्या काळातील ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्यामुळे या मालिकेचे १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग संग्रहातून नाहीसे झाले. या कथेचे सहाही भाग उपलब्ध असल्याने मूळ साधनाचा प्रत्यक्ष अभ्यास शक्य होतो.

खलनायकाचे पुनरागमन :
मालिकेचा प्रारंभ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला. मुलांना इतिहास व विज्ञानाची गोडी लागावी, हा तिचा एक हेतू होता. म्हणूनच डॉक्टर व त्याची नात सुसान यांच्या सोबतीला बार्बरा ही इतिहासाची शिक्षिका आणि इयान हा विज्ञानाचा शिक्षक, अशी पात्रे योजण्यात आली. डॅलेक हे प्राणी डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्याच कथेत अवतरले. धातूच्या कवचात राहणारे हे जीव तेथे आपल्याच नगरात कोंडलेले होते. धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या विजेवाचून त्यांना हालचाल करता येत नसे. कथेच्या शेवटी ती वीज खंडित होऊन त्यांचा अंत झाला. तथापि प्रेक्षकांमध्ये ते इतके लोकप्रिय ठरले की वर्षभरातच त्यांना परत आणावे लागले.

हे पुनरागमन साधण्यासाठी लेखकाने कालक्रमाचा आधार घेतला. आपण पूर्वी पाहिलेला डॅलेकांचा अंत दूरच्या भविष्यातील असून हा त्यांच्या इतिहासाचा मधला काळ आहे, असा खुलासा डॉक्टर करतो. परिणामी कोंडलेला, परावलंबी शत्रू एकाएकी विजेता व राज्यकर्ता बनतो. पहिल्या कथेतील संघर्ष दोन जमातींचा होता. दुसऱ्या कथेत जेता आणि जित यांचे नाते केंद्रस्थानी येते.

टळलेल्या परचक्राची स्मृती :
कथा बाविसाव्या शतकात घडत असली तरी तिचे वातावरण १९४० च्या दशकातील आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस थेम्स नदीच्या पाण्यातून डॅलेक वर येतो. पुढे वेस्टमिन्स्टर पूल व ट्रफाल्गर चौक येथे डॅलेकांचा निर्धास्त संचार दिसतो. याच सुमारास केव्हिन ब्राउनलो व अँड्र्यू मोलो यांनी 'इट हॅपन्ड हिअर' हा जर्मनव्याप्त ब्रिटनची कल्पना करणारा चित्रपट पूर्ण केला होता. परिचित वास्तूंसमोर शत्रूला उभे करण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे. प्रत्यक्षात ब्रिटिश बेटांपैकी केवळ चॅनेल बेटे १९४० ते १९४५ या काळात जर्मनांच्या ताब्यात होती. नेशन यांचा जन्म १९३० चा, म्हणजे युद्धकाळातच त्यांचे बालपण सरले. डॅलेकांमागे नाझींचा आदर्श असल्याचे त्यांनी स्वतः मान्य केले होते.

कथेचे मोल तिच्या प्रामाणिकपणात आहे. येथे सर्वच जित शूर नाहीत. वेठबिगारांसाठी कपडे शिवणाऱ्या, रानात राहणाऱ्या दोन स्त्रिया अन्नासाठी बार्बराला शत्रूच्या हाती देतात. काळाबाजार करणारा माणूस भुकेल्यांकडून सोने घेतो. भूक आणि फितुरी यांचे हे नाते महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकास अपरिचित वाटणार नाही.

'भारताचे स्वामी' :
बेडफर्डशायरमधील खाणीत डॅलेक मानवांना राबवितात. पृथ्वीचा गाभा काढून तेथे यंत्र बसवावे व ग्रह हवा तसा चालवावा, अशी त्यांची योजना असते. येथे कथेतील सर्वांत लक्षणीय प्रसंग घडतो. डॅलेकांना गुंतवून ठेवण्यासाठी बार्बरा एका उठावाची बनावट माहिती देते आणि त्यात बोस्टनचा चहा, हॅनिबल अशी इतिहासातील नावे मिसळते. 'इंडियन म्युटिनी'चा उल्लेख होताच डॅलेक चक्रावतात आणि भारताचे स्वामी आपणच असल्याचे ठणकावतात.

प्रसंग विनोदी आहे; परंतु भारत स्वतंत्र होऊन तेव्हा अवघी सतरा वर्षे झाली होती. नव्वद वर्षे ब्रिटिश राजसत्तेने केलेला दावाच येथे खलनायकाच्या तोंडी आला आहे. १८५७ ला 'शिपायांचे बंड' म्हणावे की 'स्वातंत्र्यसमर', हा वाद आपल्या इतिहासलेखनात महत्त्वाचा ठरला. बार्बरा मात्र जेत्यांनी दिलेलेच नाव सहज वापरते. जुलमी सत्तेविरुद्ध लढताना तिला तो उठाव आठवतो, पण तो कोणाविरुद्ध झाला होता हा प्रश्न उपस्थित होत नाही.

कथेचा शेवटही याच अंगाने पाहता येतो. डॅलेकांच्या हुकमतीत वावरणारे 'रोबोमेन' हे मूळचे मानवच. डोक्यावरील यंत्रामुळे त्यांची इच्छाशक्ती नष्ट झालेली असते. अखेरीस ते धन्यावरच उलटतात. राज्यकर्त्यांनी जितांमधूनच उभारलेले सैन्य उलटणे, हे १८५७ चेही सूत्र होय. फरक इतकाच की शिपाई स्वतःच्या निर्णयाने उठले, तर रोबोमेन धन्याच्या यंत्रणेतून सोडलेल्या खोट्या हुकमाने.

एच. जी. वेल्स यांनी 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीच्या आरंभीच युरोपीयांनी केलेल्या टास्मानियन लोकांच्या संहाराचे स्मरण देऊन मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी आत्मपरीक्षण सुचविले होते. १९६४ च्या कथेत असे आत्मपरीक्षण नाही. विशेष म्हणजे तांब्याच्या खाणींचा प्रदेश असलेला झांबिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी, म्हणजे प्रसारणाच्या जेमतेम महिनाभर आधी, ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला होता.

निष्कर्ष :
१) पुनरागमनामुळे डॅलेक हे परग्रहावरील विचित्र प्राणी न राहता परकीय सत्तेचे प्रतीक बनले.
२) कथेतील भय हे ब्रिटनने जवळून पाहिलेल्या, पण मुख्य भूमीवर न भोगलेल्या परचक्राचे आहे.
३) साम्राज्याची स्मृती कथेत आहे, परंतु ती विनोदाच्या आडोशाने.

समाज स्वतःवर होऊ शकणाऱ्या अन्यायाची कल्पना तपशिलाने करतो आणि स्वतः केलेला अन्याय ओझरता उल्लेखून पुढे जातो. ही प्रवृत्ती केवळ ब्रिटिशांची नव्हे. म्हणूनच आपल्याकडील ऐतिहासिक मालिका व चित्रपट यांचेही वाचन याच कसोटीवर होणे अगत्याचे आहे.