मल्लखांब : रणासाठी की देहासाठी?



स्नेहसंमेलनात मल्लखांबाची प्रात्यक्षिके झाली की टाळ्या पडतात आणि मग कोणीतरी हळूच विचारतो, "सारे खरे, पण प्रत्यक्ष झटापटीत याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना तो टाळलेला रुचला नसता. इतिहासाचा एक अभ्यासक या नात्याने मी त्याचे उत्तर शोधू पाहतो.

मल्लखांबाचा जन्म उपयोगातूनच झाला. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरील व्यायामाचा उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. निजामाकडून आलेल्या अली व गुलाब या पहिलवानांचे आव्हान पेलण्यासाठी त्यांनी ही साधना केली, अशी परंपरागत कथा आहे. तपशील बाजूला ठेवला तरी तिचा आशय स्पष्ट आहे : खांब हा मल्लाचा कधीही न थकणारा जोडीदार होता. एरंडेल चोळलेल्या खांबाला अढी घालून ज्याच्या मांड्या कणखर झाल्या, त्याच्या पकडीतून घामेजलेला प्रतिस्पर्धी सहजी निसटत नसे.

मात्र त्याच सुमारास रणांगण पालटले होते. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकरवी कवायती पलटणी उभारल्या होत्या. जुलै १८०१ मध्ये आपल्या उज्जैनजवळच यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या हेसिंगच्या हाताखालील फौजेचा पराभव केला, तो तोफा आणि घोडदळ यांच्या बळावर. मल्लाची पकड तेथे निर्णायक नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव बिठूरला गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातील हत्यारही गेले.

तरीही आखाडे ओस पडले नाहीत, हे विशेष होय. लेझीम मूळची धनुर्धराच्या सरावाची, साखळी लावलेली कमान. ती आज ढोलाच्या तालावर मिरवणुकीत नाचते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि १९३६ मध्ये त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगासमोर मांडले. पारतंत्र्यात आखाडा हे स्वाभिमानाचे स्थान झाले. जानेवारी १९८१ मध्ये मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा याच उज्जैन नगरीत भरली आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. विद्या तीच, प्रयोजन मात्र प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे ठरविले.

प्रयोजन बदलण्यात दोष नाही. दोष आहे तो एका प्रयोजनाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे मांडण्यात. झटापटीची खरी तयारी म्हणजे विरोध करणाऱ्या माणसाशी केलेला सराव. कुस्तीच्या हौद्यात समोरचा गडी आपला डाव उधळतो, म्हणूनच तेथील शिक्षण खरे उतरते. खांब विरोध करीत नाही. हवेत फिरणाऱ्या लाठीलाही कोणी अडवीत नाही. असे असता आठ-दहा दिवसांच्या लाठी-शिबिरानंतर मुलींना "आता तुम्ही निर्भय झालात" असे आपण सांगतो. हे सांगणे मला चिंताजनक वाटते. संकटात त्या या शब्दावर विसंबल्या, तर त्याची किंमत आपल्याला नव्हे, त्यांना मोजावी लागेल. त्यांना आधी धोका ओळखणे, ओरडणे, पळणे आणि मदत मिळविणे शिकवावे. आणि लढणे शिकवायचेच असेल, तर विरोध करणाऱ्या जोडीदारासह, दीर्घकाळ शिकवावे.

याचा अर्थ मल्लखांब निरुपयोगी ठरतो असे नव्हे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर डोके खाली करून स्थिर राहणारा मुलगा स्वतःच्या भीतीशी झुंजतो. खाली हात पसरून उभ्या असलेल्या सोबत्यावर तो विश्वास टाकतो आणि पुढच्या क्षणी त्याच्यासाठी स्वतः हात पसरून उभा राहतो. हे मिळविण्यासाठी तलवारीचा वारसा उसना घेण्याची आवश्यकता नाही.

म्हणून त्या प्रश्नकर्त्याला मी इतकेच सांगेन : मारामारीत याचा उपयोग थोडा, जगण्यात पुष्कळ. हे दोन्ही विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगणे, हीच गुरुवर्यांच्या स्मृतीस वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.