स्तन असममितीवरील शस्त्रक्रिया

दोन्ही स्तनांचा आकार, आकारमान किंवा पातळी यांतील फरकास स्तन असममिती म्हणतात. थोडा फरक बहुतेक स्त्रियांमध्ये असतो. तो आजार नव्हे. फरक ठळक असल्यास सुघटन शस्त्रक्रियेने (प्लास्टिक सर्जरी) तो कमी करता येतो.

कारणे
वयात येताना झालेली असमान वाढ, गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, तसेच पोलंड सिंड्रोम (एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मतः अविकसित असणे) ही काही कारणे होत. प्रौढ वयात नव्याने फरक दिसल्यास प्रथम कर्करोगाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

पर्याय
* लहान स्तन वाढवणे : सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात किंवा पोट, मांडी येथील चरबी भरतात. भरलेल्या चरबीचा काही भाग शरीरात शोषला जातो. त्यामुळे ही क्रिया पुन्हा करावी लागू शकते.
* मोठा स्तन लहान करणे : जादा ऊती व त्वचा काढतात.
* ओघळलेला स्तन उचलणे : त्वचा कमी करून स्तनाग्र वर घेतात.

अनेकदा दोन्ही स्तनांवर वेगवेगळ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात. स्तनांची वाढ पूर्ण होईपर्यंत सहसा थांबतात.

इतिहास
जर्मनीत व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८९५ मध्ये गाठ काढलेल्या स्तनात रुग्णाच्याच शरीरातील चरबीची गाठ बसवली. सिलिकॉनचे इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे प्रथम वापरले गेले.

मर्यादा
व्रण, जंतुसंसर्ग, स्तनाग्राची संवेदना कमी होणे व स्तनपानात अडचण हे धोके संभवतात. इम्प्लांट आयुष्यभर टिकेलच असे नाही. शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण समानता क्वचितच साधते.