किशोरवयीन मुलांमधील आत्महत्येचा धोका: प्रश्नावलीच्या निकालावर किती विसंबावे?

डॉक्टरांनी मुलाला आत्महत्येच्या विचारांविषयीची प्रश्नावली दिली की पालकांना दोन शंका येतात: यामुळे त्याच्या मनात नको ते विचार येतील का? आणि निकाल खरा मानायचा का?

पहिल्या शंकेचे उत्तर 'नाही' असे आहे. विचारल्याने असे विचार सुरू होत नाहीत. त्रासात असलेल्या मुलाला बोलण्याची संधी मिळते.

विश्वासार्हता कशी तपासतात?

• काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिल्यावर उत्तरे जुळतात का? मात्र असे विचार कमी-जास्त होत असतात, त्यामुळे फरक दिसला तर दोष प्रश्नावलीचाच असतो असे नाही.
• वेगवेगळ्या तपासणाऱ्यांचे निष्कर्ष सारखे येतात का?
• सविस्तर तपासणीशी किंवा आधीच पारखलेल्या प्रश्नावलीशी निकाल जुळतो का?

एक उदाहरण

'एएसक्यू' ही चार प्रश्नांची प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ते २१ वर्षे वयाच्या ५२४ रुग्णांवर ती तपासली गेली. आधीपासून वापरातल्या मोठ्या प्रश्नावलीत ज्यांना धोका दिसला, त्यांच्यापैकी सुमारे ९७ टक्के तिने ओळखले. धोका नसलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के 'धोका नाही' असे बरोबर ठरले.

समजा, १००० मुलांपैकी ५० जणांना धोका आहे. या प्रमाणात सुमारे ४८ मुले सापडतील, दोन निसटतील. उरलेल्या ९५० पैकी सुमारे ११८ मुलांचा निकालही 'पॉझिटिव्ह' येईल.

म्हणजेच पॉझिटिव्ह निकाल हे निदान नाही. पुढची सविस्तर तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. आणि निगेटिव्ह निकाल ही हमी नाही. पुढे काय घडेल, हे कोणतीही प्रश्नावली सांगू शकत नाही.

पालकांनी काय करावे?

• डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. आईवडिलांसमोर मुले खरे सांगायला कचरतात.
• प्रश्नावली मराठीत असेल, तर तो अनुवाद मराठी मुलांवर तपासलेला आहे का, हे विचारा.
• निकाल निगेटिव्ह असूनही मूल एकलकोंडे झाले, झोप उडाली, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलू लागले, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या.

मुलाने मरणाचे विचार बोलून दाखवले, तर रागावू नका, त्याला एकटे सोडू नका. घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याला लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते.